आकाशाची हजेरी घ्या!

शाळेत रोज हजेरी होते. कोण आले आणि कोण आले नाही, हे गुरुजींना त्यावरून कळते. आकाशाची अशी हजेरी आपण कधी घेतो का? वाशिम जिल्ह्यातील कामरगावच्या एखाद्या विद्यार्थ्याला हे विचारले, तर "आमच्याकडे मोठी दुर्बीण कुठे आहे?" असे तो म्हणेल. ही सबब मला पटत नाही. का, ते विश्वातील सर्वांत झगझगीत स्फोटांच्या उदाहरणावरून पाहू.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. हाच अतिनवतारा. काही आठवडे तो अब्जावधी ताऱ्यांच्या दीर्घिकेशी तेजाची स्पर्धा करतो. पण काही अतिनवतारे याहूनही दहापट किंवा अधिक तेजस्वी असतात. त्यांना अतिदीप्त अतिनवतारे म्हणतात.

असा एक तारा मार्च २००५ मध्ये रॉबर्ट क्विंबी यांना सापडला. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला ३ अब्ज वर्षांहून अधिक काळ लागला होता! आणि तो टिपणारी दुर्बीण केवढी? तिचा आरसा अवघा ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे एखाद्या मोठ्या परातीएवढा. अमेरिकेतील टेक्सास राज्यातली ही दुर्बीण आकाशाचे तेच ते भाग पुन्हा पुन्हा टिपत होती. नवा ठिपका दिसला तो या चिकाटीमुळे.

२००६ मध्ये हबल दुर्बिणीलाही एक विचित्र स्फोट दिसला होता. त्याच्या वर्णपटाचा अर्थ कोणालाच लागेना. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पालोमार वेधशाळेत आकाशाची पद्धतशीर टेहळणी सुरू झाली. तिच्यात असेच आणखी चार स्फोट सापडले. सगळे वर्णपट शेजारी शेजारी ठेवल्यावर ही एकच जात आहे, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. एका नोंदीने जे कोडे सुटले नाही, ते अनेक नोंदींनी सोडवले.

एवढे तेज येते कोठून? स्फोटानंतर उरलेला, अतिवेगाने फिरणारा चुंबकीय न्यूट्रॉन तारा ही ऊर्जा पुरवत असावा, असे एक मत आहे. ताऱ्याने आधी फेकलेल्या वायूवर स्फोटाचा मलबा आदळतो, असे दुसरे. वाद अजून मिटलेला नाही. तुमच्यासाठीही काम शिल्लक आहे!

आता तुम्ही काय कराल? अतिदीप्त अतिनवतारे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत, हे खरे. पण मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी तर दिसते! २०१९ च्या अखेरीस ती मंदावू लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीपेक्षाही फिकी झाली. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीमुळे असे झाले, असे पुढे आढळले. हा बदल टिपायला दुर्बीण लागत नव्हती. लागत होती फक्त वही. हिवाळ्यात दोन्ही तारे आकाशात उंच आले, की त्यांची तुलना करा. तारीख आणि वेळ लिहा. आभाळ भरलेले असेल, तर "ढगाळ" असे लिहा. तीही नोंदच आहे. शिक्षकांनी अशी एक वही वर्गात ठेवावी आणि ती दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवावी.

आणखी एक गोष्ट. शहराच्या झगमगाटात तारे हरवतात. खेड्यातला अंधार ही शास्त्रीय संपत्ती आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती याच अंधारासाठी. रस्त्यावर दिवे हवेतच, पण त्यांचा उजेड रस्त्यावर पडावा, आकाशात नव्हे. दिव्यांना वरून झाकण असावे, असा आग्रह ग्रामसभेत धरायला काय हरकत आहे?

दुर्बीण मिळेल तेव्हा मिळो. हजेरी आज रात्रीपासून सुरू करा.