टॅली येतं, मग तो विषय कशाला?

गेल्या रविवारच्या बॅचमध्ये बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला होता. घरचं कृषी सेवा केंद्र आहे, वडील चालवतात, शिक्षण संपलं की हा गल्ल्यावर बसणार. चहाच्या सुट्टीत मला म्हणाला, "सर, पुढच्या सेमिस्टरला दोन विषयांतून एक निवडायचाय. त्यातला एक अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम. पण माझा टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स झालाय, जीएसटीसकट. परत तेच कशाला शिकू? दुसरा विषय सोपा आहे, मार्क पडतात."

मी म्हटलं, डोळे झाकून तोच विषय घे. पण का, ते मला चहा संपेपर्यंत धड सांगता आलं नाही. त्याला काही पटलं नाही, चेहऱ्यावरच दिसत होतं. म्हणून आज निवांत लिहितोय.

आधी माझंच सांगतो, कारण मीही हाच शहाणपणा केला होता. बीबीएला आम्हाला या धर्तीचा एक पेपर होता. सर फळ्यावर व्याख्या लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. 'इंटर्नल कंट्रोल' आणि 'सेग्रिगेशन ऑफ ड्युटीज' हे शब्द मी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केले, सकाळी पेपरात ओतले आणि हॉलच्या बाहेर पडताना विसरलो. पास झालो, विषय संपला.

मग दुकान. आमचं इलेक्ट्रिकलचं आहे. वायर, स्विच, पंखे, पंपाचे स्टार्टर. वडिलांच्या काळात वह्या होत्या, मी आल्यावर कॉम्प्युटर आणला आणि टॅली सुरू केलं. मोठा अभिमान वाटायचा. दुकानात तिघं होतो, मी, वडील आणि काउंटरवरचा एक मुलगा. तिघांचा पासवर्ड एकच. बिल कुणीही करायचं, दुरुस्ती कुणीही करायची.

चार महिन्यांनी स्टॉक मोजला तर दीड एमएमच्या वायरमध्ये ३६० मीटर कमी. सहा-सात हजारांचा माल. दुकान बुडण्याइतका नाही, पण झोप उडवायला पुरेसा. जुनी बिलं चाळली तर दोन बिलांत मीटरचा आकडा नंतर बदललेला. कुणी बदलला? टॅलीत नाव एकच, माझं. मुलाला विचारलं, तो म्हणाला, "दादा, मी नाही." वडिलांना आठवत नव्हतं. खरं सांगू का, मलाही आठवत नव्हतं. कदाचित मीच बदलला असेल. पण संशय कुणावर गेला, ते सांगायची गरज नाही. मी तोंडाने 'चोर' म्हटलं नाही. फक्त गल्ल्याची किल्ली काढून घेतली, संध्याकाळी त्याची पिशवी बघायला लागलो. पंधरा दिवसांत तो पगार न घेता निघून गेला.

पुढच्या मोजणीला नवा मुलगा होता, आणि वायर परत कमी. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. हिशोब मांडला तर सुट्ट्या विकलेल्या दर कॉइलमागे नेमकी दहा मीटर तूट. पहिल्या वेळी ३६ कॉइल फोडल्या होत्या, म्हणून ३६० मीटर. चोर काही मोजून दहा-दहा मीटर कापत नाही! मास्टर उघडला. कॉइलचं मीटरमध्ये रूपांतर करताना एका कॉइलचे १०० मीटर टाकले होते. घरगुती वायरची कॉइल ९० मीटरची असते, हे इलेक्ट्रिकलच्या धंद्यात शेंबड्या पोराला माहीत. तो १०० चा आकडा मीच टाकला होता, पहिल्या दिवशी, घाईत.

वायर एक इंचही चोरीला गेली नव्हती.

आता मला सांगा, यात टॅली कमी पडलं का? टॅलीने सांगितलं तेच केलं. मला बटणं सगळी येत होती. व्हाउचर, लेजर, जीएसटी रिटर्न, सगळं. येत नव्हतं ते हे, की एखादी माहिती दुकानात जन्माला कुठे येते, ती कुणाच्या हातून जाते, कुणी बदलली तर खूण राहते का, आणि मूळ आकडाच चुकला तर तो कुठे पकडला जाईल. अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम म्हणजे हाच अभ्यास. टॅली हे त्यातलं एक अवजार. गाडी चालवता येणं वेगळं, आणि गावात रस्ते कुठून कसे काढायचे हे कळणं वेगळं.

या विषयात १९८२ साली विल्यम मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी मांडलेला एक विचार शिकवतात. त्याला आर-ई-ए मॉडेल म्हणतात. नाव जड आहे, पण मुद्दा दुकानदाराचा आहे. नुसतं जमा-नावे लिहिलं की फक्त रुपये कळतात. त्याऐवजी तीन गोष्टी नोंदवा. कोणता माल किंवा पैसा हलला, नेमकी घटना काय घडली, आणि त्यात माणसं कोण होती. माझ्या दुकानात पहिल्या दोन होत्या. 'माणूस कोण' ही तिसरी नव्हती, आणि त्या एका जागेपायी एक इमानदार पोरगा गेला.

आपल्याकडे कंट्रोल म्हटलं की 'नोकरावर नजर' एवढंच डोक्यात येतं. मी आता उलटं मानतो. नीट लावलेली सिस्टिम आधी प्रामाणिक माणसाला वाचवते. त्या मुलाचा स्वतःचा वेगळा युजर असता तर त्याला "दादा, मी नाही" म्हणत उभं राहावं लागलं नसतं. स्क्रीन बोलली असती.

आणि गंमत बघा, ही अक्कल आमच्या घरात आधीपासून होती. वडील कीर्द लिहायचे आणि गल्ला काकांकडे असायचा. लिहिणारा पैशाला हात लावत नसे, पैसे मोजणारा वही लिहीत नसे. रात्री रोजमेळ जुळवताना दोघं समोरासमोर बसायचे, पाच रुपयांवरून भांडायचे. सेग्रिगेशन ऑफ ड्युटीज ते हेच! मी कॉम्प्युटर आणला आणि दोन खुर्च्यांची एक केली. कॉलेजात तो शब्द पाठ करण्याऐवजी कुणी मला विचारलं असतं की, 'तुझ्या घरी कीर्द कोण लिहितं आणि गल्ला कुणाकडे असतो', तर जन्मात विसरलो नसतो.

हिशोबाची यंत्रणा हा मोठ्या कंपन्यांचा विषय, असंही काहींना वाटतं. धंद्याच्या कामासाठी कॉम्प्युटर रोज वापरायला सुरुवात करणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक होती लंडनची जे. लायन्स, चहाची दुकानं आणि बेकरी चालवणारी. त्यांनी 'लिओ' नावाचा कॉम्प्युटर स्वतःच बनवला आणि १९५१ मध्ये त्यावर पहिलं नेहमीचं काम लावलं, ते बेकरीच्या मालाच्या हिशोबाचं. कंपनी मोठी होती, मान्य. पण प्रश्न पाव-केकचाच होता.

आता कायद्याची बाजू, कारण इथे बरेच जण गाफील आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक व्यवहारात झालेल्या बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. हे ऐकून प्रोप्रायटर मंडळी म्हणतात, आपण कुठे कंपनी आहोत! बरोबर, तो नियम कंपन्यांचा. पण जीएसटीचा नियम ५६ वाचा, पोटनियम ८. त्यात म्हटलंय की हिशोबातली नोंद खोडायची नाही, गिरवायची नाही, आणि हिशोब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. ही तुमची-माझी गोष्ट आहे. टॅलीप्राइममध्ये एडिट लॉगची सोय आहे, वेगवेगळे युजर करता येतात. कितीजणांनी चालू केलंय? बॅचमध्ये विचारलं की हात मोजकेच वर होतात.

"अकाउंटंट ठेवू, सीए बघतील," हे उत्तर मला नेहमी मिळतं. ठेवा, ठेवायलाच हवा. पण तुमचे सीए तुमच्या काउंटरवर उभे नसतात. त्यांच्यापर्यंत जे पोचतं ते आधीच कुणीतरी टाईप केलेलं असतं. खरेदीच्या बिलावर सप्लायरने तुमचा जीएसटी नंबर चुकीचा टाकला, तर ते बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या तुमच्या २बी मध्ये दिसणारच नाही, आणि २०२२ पासून तिथे दिसत नसेल तर क्रेडिट मिळत नाही. ही चूक पकडायची जागा कुठली? माल उतरवून घेताना, बिल हातात असताना. तिथे सीए नसतात, हमाल आणि तुम्ही असता.

विद्यापीठात हा विषय छान शिकवतात असं मी म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी अजून व्याख्या आणि फायदे-तोटेच चालतात, आणि प्रॅक्टिकल म्हणजे स्क्रीनशॉटची फाईल. माझा त्यावर राग आहे. पण शिकवणं वाईट म्हणून विषय सोडणं म्हणजे खानावळीचं जेवण वाईट म्हणून जेवणच सोडणं. पुस्तक तर आपलं आपण वाचता येतं! रोम्नी आणि स्टाइनबार्ट यांचं इंग्रजी पुस्तक जगभर चालतं, कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर त्यातली विक्री आणि खरेदीच्या सायकलची प्रकरणं तरी वाचा. उदाहरणं अमेरिकन आहेत. वाचताना त्या जागी आपलं दुकान ठेवायचं. दुकानात बसून डिग्री करायची असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बीकॉम आहे, तोही रस्ता वाईट नाही.

तर त्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, विषय नंतर ठरव, आधी एक काम कर. तुमच्या दुकानातली खताची एक गोणी घे. ती ट्रकमधून उतरते तिथपासून शेतकऱ्याच्या उधारीचे पैसे जमा होईपर्यंत कुठे कुठे नोंद होते, ते कागदावर काढ. आवक, पॉस मशीन, टॅली, उधारीची वही. प्रत्येक ठिकाणी नोंद करणाऱ्याचं नाव लिही. आणि पॉसमधला स्टॉक, टॅलीतला स्टॉक आणि गोडाऊनमधल्या गोण्या हे तीन आकडे शेवटचे कधी जुळवले, तेही वडिलांना विचार.

काल त्याने कागदाचा फोटो पाठवला. पेन्सिलने काढलेल्या सात चौकटी. पाच चौकटींत वडिलांचं नाव, एकीत प्रश्नचिन्ह, आणि उधारीच्या वहीच्या चौकटीत लिहिलंय, "जो असेल तो." खाली एक ओळ होती, "सर, फॉर्म भरायची तारीख शुक्रवार आहे. भरतोय."

आणि आमच्याकडून गेलेला तो मुलगा. चूक सापडली त्याच आठवड्यात मी त्याला गाठलं, दुसऱ्या एका दुकानात लागला होता. राहिलेला पगार दिला, झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने पैसे मोजून घेतले. परत येशील का विचारलं, तर नाही म्हणाला.