त्यांच्याच ट्रेडचा माणूस

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला. याच कंपनीच्या ब्राउनश्वाइगच्या कारखान्यात महायुद्धाच्या काळात सॅली पेरेल हा ज्यू मुलगा टूलमेकरचं काम शिकला, तेही खोट्या नावाने, हिटलर यूथच्या गणवेशात. आंघोळीला चारचौघांत जायची चोरी. सुंता दिसली की संपलंच. वडील वूजच्या घेट्टोत उपासमारीने गेले, आईला गॅसच्या गाडीत मारलं. पेरेल कित्येक वर्षं गप्प राहिले. मग मात्र नव्वदी उलटली तरी जर्मन शाळाशाळांतून बोलत राहिले. २०२३मध्ये, ९७व्या वर्षी ते गेले.

पेरेल ज्याबद्दल बोलत, तो ज्यूंचा संहार झालाच नाही, असं म्हणणं जर्मनीत गुन्हा आहे. पुढारी पळवाट काढतात: एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या ब्यॉर्न ह्योके यांनी २०१७मध्ये या संहाराच्या स्मरणाच्या धोरणालाच १८० अंशांत वळवा म्हटलं.

आपल्याकडे कायद्याचा धाकही नाही. खारघरला २००६मध्ये हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं. ओरड झाल्यावर पाटी बदलली. 'देशाला एक हिटलरच पाहिजे' हे टपरीवर कटिंग घेताना आजही सहज ऐकू येतं. म्हणून या अंकात पेरेल. आयटीआयच्या पोरांनी आधी वाचावेत.