न आलेल्या प्रकाशाचे फोटो

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. माझा आकाशाचे फोटो काढण्याचा खटाटोप त्याला माहीत आहे. म्हणाला, "सर, या वयात रात्र रात्र कशाला जागता? दहा फोटो काढा, बाकीचं सॉफ्टवेअर करतं." चहा पिऊन तो गेला, पण ते वाक्य काही गेलं नाही. म्हणून हा लेख. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी घेऊन बीए झालो आणि आयुष्यभर व्याकरण शिकवलं. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

२००९ साली निवृत्त झालो आणि फंडातल्या पैशातून सहा इंची दुर्बीण घेतली. पुढे एक जुना डीएसएलआर मिळाला. साध्या स्टँडवर तीस सेकंद शटर उघडं ठेवलं की तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट यायचे. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत शिकलो खरे, पण मला ते पटलं त्या फोटोंमुळे! त्यावर उपाय म्हणजे विषुववृत्तीय माउंट. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, मग ते ताऱ्यांच्या गतीनं दुर्बीण फिरवत राहतं. किंमत दुर्बिणीहून जास्त. (सौ.ना मी निम्मीच सांगितली होती. आता वाचतील.) त्यात साताऱ्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर, म्हणजे आमच्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. मग मेढ्याकडे मेव्हण्यांच्या मळ्यात जाऊ लागलो. पावसाळ्याचे चार महिने सगळं बंद, आणि भिंगाला बुरशी लागू नये म्हणून ते तांदळाच्या डब्यात ठेवावं की काय यावर घरात चर्चा.

सॉफ्टवेअरवर माझा मुळीच राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. डीपस्कायस्टॅकर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम मी कितीतरी वर्षं वापरतोय. एकाच दीर्घिकेचे दोन-दोन मिनिटांचे साठ फोटो काढायचे, तो ते एकमेकांवर बसवून सरासरी काढतो. खरखर दर फोटोत वेगळी असते, दीर्घिका मात्र तिथेच असते. त्यामुळे फोटो चौपट केले की खरखर निम्मी होते. झाकण लावून काढलेल्या डार्क फ्रेम वजा केल्या की सेन्सरचे स्वतःचे दोष जातात. यात पदरचं काहीही घातलेलं नाही. जे आलं तेच मोजलं.

भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. तीन वर्षांपूर्वी मी धार काढणारा एक एआय प्रोग्रॅम घेतला. त्यात मी एम ५१ ही दीर्घिका टाकली. अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षांवरची ही भोवऱ्यासारखी दीर्घिका माझ्या फोटोत नेहमी पुसट येते. अर्ध्या मिनिटात तिच्या भुजा आणि धुळीचे पट्टे असे उमटले की मी खुर्चीतून उठलोच. सगळ्यांना दाखवत सुटलो. मग एका रात्री, मास्तरकीची जुनी खोड म्हणा, नुसत्या काळ्या आकाशाचा तुकडा त्याला दिला. त्यात खरखरीशिवाय काही नव्हतं. त्यानं त्यातून सुताच्या दोऱ्यांसारखी छान नक्षी काढून दिली!

म्हणजे हा गडी हजारो फोटो बघून शिकलेला. इथे साधारण काय असायला हवं हे त्याला पाठ, आणि तेच तो लिहून देतो. शाळेत याला आम्ही कॉपी म्हणायचो.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "सर, तुम्हीही उजेड वाढवता, रंग ताणता, तेही खोटंच की!" नाही हो. पुसट अक्षर दिव्याखाली धरून वाचणं वेगळं आणि वाळवीनं खाल्लेली ओळ आपल्या मनानं लिहिणं वेगळं. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. घुसडलेले अपपाठ काढले आणि आपली ओवी कुणी त्यात घालू नये असं बजावून ठेवलं. नाथांना काय ओव्या रचता येत नव्हत्या?

आणि यात नुकसान कुणाचं? २०२२ मध्ये काही हौशी मंडळींनी देवयानी दीर्घिकेच्या, म्हणजे एम ३१ च्या, शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक भलीमोठी फिकट कमान शोधली. जगात सर्वात जास्त फोटो बहुधा याच दीर्घिकेचे निघाले असतील, तरी ती कुणाला दिसली नव्हती. त्यांची दुर्बीण माझ्यापेक्षा लहान, चार इंचांची. पण शंभराहून अधिक तास प्रकाश गोळा केला. जुने फोटो पाठ केलेल्या प्रोग्रॅमला ही कमान कुठून ठाऊक असणार? त्यानं ती डाग समजून पुसली असती तरी आपल्याला पत्ता लागला नसता.

आता माझं. तो एम ५१ चा फोटो मी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आमच्या जुन्या शाळेत लावला होता. "हा प्रकाश माझ्या दुर्बिणीत आला," असं मुलांना सांगितलं होतं. दोऱ्यांचा प्रकार कळल्यावर मी पुन्हा शाळेत गेलो, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले आणि काय झालं ते सांगितलं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मग यातला तुमचा कुठला?" मी पुसट फोटोकडे बोट दाखवलं. ती जवळ जाऊन बराच वेळ बघत उभी राहिली.