मिरवणुकीतला लेझर मोबाईलचा कॅमेरा कसा जाळतो?

२०२३ च्या गणेशोत्सवात लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी कोल्हापुरातही आल्या. कसबा बावड्यात राजाराम बंधाऱ्यावर विसर्जनाचे शूटिंग करणाऱ्यांच्या मोबाईललाही असाच धोका असतो.

नेमके काय होते?
साध्या दिव्याचा प्रकाश पसरतो, लेझरचा झोत फारसा फाकत नाही. लेन्स तो सेन्सरवर सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटते. तिथले पिक्सेल आणि त्यांवरचे रंगांचे फिल्टर क्षणार्धात जळू शकतात.

नुकसान कसे ओळखाल?
प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका दिसतो. पिक्सेलची माहिती वाहून नेणारे सर्किट जळाले, तर आडवी-उभी रंगीत रेघ येते. सेटिंग बदलून ती जात नाही. कॅमेऱ्याचा भागच बदलावा लागतो.

रेकॉर्डिंग बंद असेल तर?
तरीही धोका आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात सहसा यांत्रिक शटर नसते, त्यामुळे सेन्सर कायम उघडा असतो.

काय काळजी घ्याल?
झोताच्या रेषेत उभे राहू नका, बाजूने शूटिंग करा. झोत स्थिर असेल तर धोका जास्त. डोळ्याची लेन्सही प्रकाश असाच पडद्यावर एकवटते, आणि जळालेला पडदा बदलता येत नाही. म्हणून लहान मुलांना खांद्यावर घेताना त्यांची पाठ लेझरकडे ठेवा.