एक कोयता, किती मतं?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरून टोळ्या निघतात. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, कुठंही जा. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली, घर म्हाताऱ्यांवर सोपवलेलं. हा अंक छापून येईल तेव्हा आमचे बरेच वाचक कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर कोपी उभारत असतील. ते ज्या कारखान्यांसाठी ऊस तोडतात त्यांतले पुष्कळ सहकारी आहेत आणि महाराष्ट्राचा 1960 चा सहकार कायदा सांगतो, एक सभासद, एक मत. मग तो दोन एकरवाला असो की पन्नास एकरवाला. मत एक असलं तरी वजन सारखं नसतं, हे पॅनलचं राजकारण पाहिलेल्या बीडकरांना सांगायला नको. पण कागदावर तरी बरोबरी आहे.

जगाच्या सोसायटीत तेवढीही नाही. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आराखडा ठरला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख होते. नियम असा ठरला की प्रत्येक देशाला 250 मतं सारखी आणि वर वर्गणीच्या दर लाख डॉलरमागे एक मत. ब्रिटनची वर्गणी 130 कोटी डॉलर, हिंदुस्थानची 40 कोटी. म्हणजे ब्रिटनला 13,250 मतं आणि त्याच्या कितीतरी पट माणसांच्या हिंदुस्थानला 4,250! आज भारताकडे सुमारे 2.6 टक्के मतं आहेत, अमेरिकेकडे साडेसोळा. वर्गणीची वाटणी बदलायची तर 85 टक्के मतं लागतात; म्हणजे एकट्या अमेरिकेनं मान हलवली नाही तर सगळं तिथंच अडतं. पैसा ज्याचा, जोर त्याचा, असं यावर उत्तर मिळतं. आम्हाला ते पटत नाही. कर्जाच्या अटी ज्याच्या चुलीपर्यंत पोहोचतात, त्याचं मत आधी मोजायला हवं. 1991 साली सोनं गहाण टाकलेल्या देशाला हे वेगळं समजावून द्यायची गरज नसावी.

दिल्लीनं वॉशिंग्टनकडे ही तक्रार जरूर करावी. पण आपल्या फडातला हिशेब काय आहे? नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते आणि दोघं मिळून होतो 'एक कोयता'. कारखान्याच्या सभेत त्या कोयत्याला मत शून्य, कारण तो सभासदच नाही. त्याचा दर साखर संघ आणि कामगार संघटना वाटाघाटीत ठरवतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तीही कोयता बंदचा इशारा आणि बैठकांवर बैठका झाल्यावर.

कारखान्याचे सभासद असलेल्या वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत एवढंच विचारा, की आपला ऊस तोडणाऱ्या बाईच्या वतीनं इथं कोण बोलणार आहे? उत्तर मिळालं तर आम्हाला कळवा. पुढच्या दिवाळीला छापू.