खेळातली बाई कोणाची?

बाईने काय ल्यावे आणि काय नेसावे यावर पुरुषांनी वाद घालण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. तिने पायांत वहाण घालावी की नाही, डोक्यावर छत्री धरावी की नाही, नऊवारी सोडून पाचवारी नेसली तर धर्म बुडतो की राहतो, या प्रश्नांवर आपल्या पणजोबांनी दौतीच्या दौती रिकाम्या केल्या. आता वादाची जागा बदलली आहे. जी बाई जन्मालाच आलेली नाही, जिला ऊन लागत नाही की थंडी वाजत नाही, जी केवळ आकड्यांच्या आणि रंगीत ठिपक्यांच्या जोरावर पडद्यावर धावते, तिच्या कपड्यांवरून आणि अंगलटीवरून जगभर रणकंदन माजले आहे. व्हिडिओ गेममधली नायिका कशी दिसावी, हा तो वाद.

कोणी म्हणेल, हा पोरखेळ. फराळाच्या ताटाशेजारी तो कशाला वाढला? याला माझे उत्तर असे की, हा पोरखेळ आहे म्हणूनच तो वाढला आहे. आपल्या घरातला तेरा वर्षांचा चिरंजीव किल्ल्याची माती कालवून झाली की हात धुऊन त्याच पडद्यापुढे बसतो, आणि आता त्याची बहीणही बसते. बाई म्हणजे काय, पराक्रम म्हणजे काय, याचे धडे त्यांना तिथे मिळत असतात. पाठ्यपुस्तकातला एक धडा बदलला तर आपण पत्रांचा पाऊस पाडतो. मग जे पुस्तक मूल रोज दोन तास उघडते, त्याची निदान पाने तरी चाळायला नकोत काय?

तर ती चाळू. 1981 साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘डाँकी काँग’ नावाचा खेळ काढला. एक वानर एका बाईला पळवून शिडीवर चढते आणि एक मिशाळ सुतार तिला सोडवायला धावतो. बाईचे काम एकच : वर उभे राहून मदतीसाठी ओरडणे. तिला आरंभी धड नावही नव्हते, नुसती ‘बाई’. 1985 साली ‘सुपर मारिओ’ आला, त्यातली राजकन्या दर वेळी दुसऱ्याच किल्ल्यात निघे. किल्ला बदलला, बाईची नोकरी तीच.

त्याच कंपनीच्या 1986 सालच्या ‘मेट्रॉइड’ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. त्यातला वीर पायापासून डोक्यापर्यंत चिलखतात असतो. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुल्लिंगीच होता. खेळ संपला की कळते, हा वीर नव्हे, ही सॅमस एरन नावाची वीरांगना! कल्पना खरोखर झकास. परंतु पुढे काय होते? खेळाडूने खेळ जितका लवकर संपवावा, तितके सॅमसच्या अंगावरचे कपडे कमी होतात. म्हणजे खेळाडूच्या पराक्रमाचे बक्षीस काय, तर नायिकेचे वस्त्रहरण! कौरवांच्या सभेत निदान ते पाप म्हणून तरी ओळखले गेले होते. इथे ते पारितोषिक ठरले.

मग 1996 साली इंग्लंडातल्या डर्बी गावी ‘कोअर डिझाइन’ या कंपनीत टोबी गार्ड नावाच्या तरुण चित्रकाराने लारा क्रॉफ्ट निर्माण केली. ‘टूम रेडर’ची ही नायिका कोणी सोडवायला येण्याची वाट पाहत बसत नाही. ती स्वतः गुहांत उतरते, कडे चढते, शिलालेख वाचते. आणि तरीही तिची कीर्ती झाली ती कशासाठी? तिच्या छातीच्या मापासाठी आणि आखूड विजारीसाठी. जाहिरातदारांनी तिचे जे केले ते खुद्द तिच्या जनकालाच रुचले नाही. 1997 साली तो कंपनी सोडून गेला. पुढे 2013 साली लाराचे नवे रूप आले. लांब विजार, चिखलाने माखलेले अंग, खरचटलेले हात. या खेळाचे मुख्य लेखन एका बाईने, रिआना प्रॅचेटने, केले होते. गिऱ्हाईक पळाले काय? छे! तो त्या मालिकेतला सर्वांत अधिक खपाचा खेळ ठरला. ‘बाजार मागतो म्हणून आम्ही असे करतो,’ असे म्हणणारांनी हे उदाहरण भिंतीवर टांगून ठेवावे.

परंतु याच खेळाच्या आधी, 2012 साली, त्याच्या एका निर्मात्याने जे सांगितले ते अधिक बोलके आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, खेळाडू स्वतःला लाराच्या जागी कल्पीत नाही, त्याला तिचे रक्षण करावेसे वाटते. वाचकहो, खरा रोग इथे आहे. नाटकातली नायिका आपण खुर्चीत बसून पाहतो. खेळातली नायिका आपण चालवतो. ती धावते ती आपल्या बोटांनी, पडते ती आपल्या चुकीने. खेळ सुरू आहे तोवर आपणच ती असतो. मग स्वतःचेच रक्षण करू पाहणारा हा तिऱ्हाईत आला कोठून? तो आला निर्मात्याच्या डोक्यातून. त्याने गृहीत धरले की, खेळणारा पुरुषच असणार, आणि पुरुष बाईच्या जागी उभा राहूच शकणार नाही. फार तर तिच्या मागे उभा राहील. हे बाईइतकेच पुरुषालाही कमी लेखणे आहे.

माझा आक्षेप सौंदर्यावर नाही, हे इथेच सांगून टाकतो. कारण पुढचा मुद्दा मला ठाऊक आहे. ‘तुमच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दलाल आणि मुळगावकर यांनी वर्षानुवर्षे सुंदर स्त्रियाच रंगवल्या, तेव्हा कुठे होता राधासुता तुझा धर्म?’ प्रश्न रास्त आहे. पण मुखपृष्ठावरची ती सुंदरी दिवा घेऊन उभी असे. तिला कोणी तो पोशाख घालून लढाईला धाडले नव्हते. सुंदर बाई रंगवणे वेगळे आणि तिला तलवार देऊन पोट उघडे ठेवणे वेगळे. शेजारचा शिपाई गळ्यापर्यंत पोलादात आणि ही मात्र दोन कटोऱ्यांवर! बाणाला काय स्त्रीदाक्षिण्य कळते?

यावर शहाजोगपणे सांगतात, ‘पुरुषही अतिरंजितच असतात की! त्यांचे दंड पाहा, छाती पाहा!’ अगदी खरे. परंतु ती अतिशयोक्ती कोणासाठी? खेळणाऱ्या मुलाला जसे व्हावेसे वाटते, तसा तो नायक असतो. नायिका मात्र खेळणाऱ्या मुलीला जसे व्हावेसे वाटते तशी नसते. मुलाला जशी पाहावीशी वाटते तशी असते. दोन्हीकडे फुगवटा आहे, पण एका फुगवट्यात बळ भरलेले आहे आणि दुसऱ्यात नजर.

दुसरी ढाल कलावंताच्या स्वातंत्र्याची. हिला मी मान देतो, म्हणूनच तिचा गैरवापर झाला की संताप येतो. हिदेओ कोजिमा हा जपानी दिग्दर्शक लहान माणूस नव्हे. त्याच्या 2015 सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’च्या पाचव्या खेळात क्वाएट नावाची नेमबाज बाई रणांगणावर जवळजवळ विवस्त्र वावरते. आधी टीका झाली तेव्हा, 2013 साली, त्याने कळवले की, यामागचे कारण समजले म्हणजे टीकाकारांना आपल्याच बोलण्याची लाज वाटेल. दोन वर्षांनी कारण प्रकट झाले : ती बाई त्वचेने श्वास घेते! काय ही मखलाशी! लेखणी तुमची, बाई तुमची, तिची त्वचाही तुमचीच. मग ती कानाने श्वास घेते असे लिहायला कोणाची हरकत होती? आधी कपडे काढायचे ठरले आणि मग शास्त्र शोधले गेले, हे शेंबडे पोरही सांगेल. त्यापेक्षा ‘मला असे आवडते’ असे उघड म्हणणारा परवडला.

तिसरी सबब पैशाची आणि वेळेची. 2014 साली युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त चार जणांनी मिळून खेळण्याची सोय होती आणि चारही पुरुष. बाई का नाही, असे विचारल्यावर दिग्दर्शकाने सांगितले की, त्याने कामाचा बोजा दुप्पट झाला असता. याच मालिकेच्या एका आधीच्या खेळावर ज्याने काम केले होते, त्या जोनाथन कूपर या जाणत्या कारागिराने चारचौघांत उत्तर दिले : हे एकदोन दिवसांचे काम! खेळ कशाचा? फ्रेंच राज्यक्रांतीचा. जिथे 1789 साली पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, त्या क्रांतीच्या खेळात बाईला हातपाय द्यायला सवड नव्हती!

आणि जिथे हातपाय दिले, तिथे काय घडले? 2020 सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात अ‍ॅबी नावाची बाई आहे. तिचे दंड भरदार, खांदे रुंद. जग बुडाल्यावर मेहनत करून जगलेल्या बाईचे जसे असावेत तसे. तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. कथेतल्या एका हत्येचा राग त्यात होता हे मान्य. पण त्या दंडांची जी यथेच्छ टवाळी झाली, तिला कथेचे निमित्त नव्हते. पुढे 2022 सालच्या ‘होरायझन’च्या नव्या भागात अ‍ॅलॉय या नायिकेच्या गालांवर बारीक लव दाखवली, तर काही वीरांना तीही सहन झाली नाही. बाई म्हणे बायकी राहिली नाही! खऱ्या बाईच्या गालावर लव असते, हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आपल्या आईचा चेहराही कधी जवळून पाहिला नसावा.

स्वातंत्र्याच्या या कैवाऱ्यांचे स्वातंत्र्य किती अंगुळे लांब आहे, तेही पाहा. अनिता सार्कीसियन या बाईंनी 2012 साली खेळांतल्या स्त्रीचित्रणावर व्याख्यानवजा चित्रफिती करण्यासाठी लोकांकडे 6,000 डॉलर मागितले. लोकांनी दीड लाखाहून अधिक दिले. तेव्हापासून शिव्या आणि धमक्या त्यांच्या पाठीस लागल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याच्या विद्यापीठात त्यांचे भाषण ठरले होते. भाषण झाले तर सामूहिक हत्याकांड घडवू, असे निनावी पत्र आले. तिथल्या कायद्यामुळे परवानाधारकांना सभागृहात बंदूक आणण्यास विद्यापीठ मनाई करू शकत नव्हते. भाषण रद्द झाले. एका चित्रातल्या बाईवर शेला टाकला तर स्वातंत्र्य बुडाले. एका जिवंत बाईच्या तोंडाला कुलूप लावले तर मात्र ते शाबूत! या बाईंची सारीच मते मला पटतात असे नाही, पण न पटणाऱ्या मताला पिस्तूल हे उत्तर नव्हे.

आता दुसऱ्या बाजूच्या सोवळ्या मंडळींनाही दोन शब्द. या लेखाने त्यांना गुदगुल्या होत असतील, तर त्यांनी त्या आवराव्यात. बाईला झाका, एवढीच ज्यांची मागणी आहे, तेही तिच्याकडे कापडाच्या मापानेच पाहतात. फरक फक्त गजांचा. 2009 सालची बायोनेटा ही तोऱ्याची, नखऱ्याची चेटकीण. तिचे रूप मारी शिमाझाकी या बाईनेच रेखाटले. तो नखरा त्या पात्राचा स्वभाव आहे आणि अनेक बायकांना ती प्रिय आहे. 2024 सालच्या ‘स्टेलर ब्लेड’ या कोरियन खेळाची ईव्ह ही तर उघडउघड डोळ्यांच्या मेजवानीसाठी घडवली. असा खेळ असू नये, असे मी म्हणणार नाही. बंदीहुकमाने अभिरुची सुधारत नाही. ती फक्त चोरून जगू लागते. माझे मागणे निराळे आहे. ताटात पंचपक्वान्ने असतील तर एक तिखटजाळ पदार्थ खुशाल असो. पण सारे ताटच तिखटाने भरले, तर त्याला रुची म्हणत नाहीत, खोड म्हणतात.

मग कसोटी कोणती? ती 2016 सालच्या ‘ओव्हरवॉच’ने दाखवून दिली. त्यात ट्रेसर नावाची चपळ, खोडकर नायिका आहे. तिच्या विजयाच्या एका पवित्र्यात ती पाठमोरी उभी राहून नितंब दाखवी. हे तिच्या स्वभावाला शोभत नाही, अशी तक्रार आली आणि दिग्दर्शकाला ती पटली. त्याने तो पवित्रा काढला. पुन्हा ओरड झाली. पण त्याच्या जागी जो नवा आला तो काही साध्वीचा नव्हता. जुन्या छचोर चित्रांच्याच वळणाचा होता, फक्त त्यात तिचा खट्याळपणा होता. प्रश्न कापडाचा नाहीच. हे रूप तिचे आहे की पाहणाऱ्याचे, हा प्रश्न आहे. आणि कलावंताने स्वतःचे चित्र स्वतः सुधारणे, हेही त्याचे स्वातंत्र्यच.

हे आपल्याला जमेल काय, असे विचारणारांना फार दूर जायला नको. 2020 साली पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ जगाच्या बाजारात आणला. नायिका एक डोंबारी-सर्कशीतल्या वळणाची पोर. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली. हातात दुर्गेचे त्रिशूळ. तिच्या उड्या, कोलांट्या, खांबावरची पकड, सारे तिच्या धंद्याला धरून. कपडेही लढता येईल असे. इथे बाई किल्ल्यात डांबलेली नाही. ती किल्ला चढते आहे, आणि सोडवून आणायचे आहे ते एका मुलाला! चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या शिडीवरच्या ‘बाई’ला पुण्याने दिलेले हे चोख उत्तर आहे.

तेव्हा मायबापहो, सुट्टीत मुलांच्या हातून ते यंत्र हिसकावून घेण्यात पुरुषार्थ नाही. घटकाभर त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा : ही बाई कोण? हिला काय हवे आहे? हिला काय करता येते? मुलगा याची उत्तरे भरभरून देऊ लागला, तर खेळ चांगला आहे असे समजा. आणि ती दिसते कशी, यापलीकडे त्याला एक अक्षर सांगता आले नाही, तर त्या खेळात बाई नाहीच असे समजा. आहे तो नुसता आरसा, आणि त्यात दिसतो तो बनवणाऱ्याचाच चेहरा.