विश्लेषण : ‘पेल्व्हिस’चे हाड जुळले, पण रुग्ण बरा झाला का?

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये विनारोख उपचार योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवस, कमाल दीड लाख रुपयांपर्यंत उपचार त्यातून मिळतात. मात्र पेल्व्हिस मोडलेल्या रुग्णाची खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर, घरी गेल्यावर सुरू होते.

हे हाड इतके महत्त्वाचे का?

पेल्व्हिस म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे. धडाचा भार ते पायांकडे नेते. मूत्राशय, गुदाशय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू त्याच्या आतच असतात. तरुणांमध्ये ते मोडते ते वाहनाची जोरदार धडक बसल्याने किंवा उंचावरून पडल्याने. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना घरात पाय घसरणेही पुरते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत ४ लाख ४३ हजारांहून अधिक लोक जखमी झाले.

शस्त्रक्रियेनंतर काय उरते?

प्लेट आणि स्क्रूने हाड जागेवर बसवले जाते. त्यानंतरही अनेकांना ६ ते १२ आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही. काहींची कंबरदुखी आणि लंगडणे कायम राहते. मज्जातंतू किंवा मूत्रमार्गाला इजा झाली असल्यास लघवीच्या आणि लैंगिक तक्रारी उरतात. संकोचामुळे रुग्ण त्या सांगत नाहीत आणि डॉक्टरही अनेकदा विचारत नाहीत. एक्स-रेमध्ये यातले काहीच दिसत नाही.

जीवनमान कसे मोजतात?

त्यासाठी १९८९ पासून ‘मजीद स्कोअर’ वापरला जातो. एकूण १०० गुणांपैकी उभे राहणे व चालणे याला ३६, वेदनेला ३०, कामाला २०, बसण्याला १० आणि लैंगिक संबंधांना ४ गुण असतात. मांडी घालणे किंवा उकिडवे बसणे याला त्यात स्वतंत्र स्थान नाही. शेतात खुरपणाऱ्या बाईचे किंवा भारतीय शौचालय वापरणाऱ्याचे मात्र त्यावाचून अडते. त्यामुळे चांगले गुण मिळूनही रोजचे जगणे अवघड असू शकते.

भरपाईचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ (२०१०) निकालात स्पष्ट केले आहे, की अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे. एकाच दुखापतीनंतर कारकून कामावर परततो, हमालाची मात्र रोजीरोटी बुडू शकते. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे काय काम जमत नाही, हे डॉक्टरांच्या नोंदींतून दाखवणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी रुग्णाने प्रत्येक तपासणीत चालणे, बसणे, लघवी आणि लैंगिक तक्रारी मोकळेपणाने सांगून त्यांची नोंद करून घ्यायला हवी.

सात दिवसांत जीव वाचतो. पण पुढचे अनेक महिने चालणाऱ्या फिजिओथेरपीचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार कुटुंबावरच पडतो. योजनेतील खरी उणीव हीच आहे.